एकदा सांगितलं, बास

नोव्हेंबरात दिल्लीची हवा बिघडली की आमच्या ऑफिसातले सगळे घरून काम करतात. मी मात्र ऑफिसात जाते. माझी खोली गाझियाबादला तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथे नेट धड चालत नाही आणि खिडकीच्या एका भागात काचेऐवजी पुठ्ठा लावलाय, त्यामुळे धूर आत आणि बाहेर सारखाच. ऑफिसात निदान हवा साफ करायचं यंत्र आहे. पहिल्या वर्षी मी साहेबांना मेसेज करून विचारलं होतं की मी एकटी आले तर चालेल का. तो मेसेज इतका खोडून खोडून लिहिला की शेवटी गेला तो नुसता, "सर, मे आय कम?" त्यांनी अंगठा पाठवला. तेवढ्यावर मी दिवसभर खूश होते.

मी नोएडातल्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. आमचं सॉफ्टवेअर दुकानांसाठी आहे, बिलं आणि माल सांभाळणारं. ते मी आधी पलीकडून पाहिलंय. वाशीम जिल्ह्यातून मी इकडे आले ती बहिणीच्या बाळंतपणाला. दाजी गाझियाबादच्या कारखान्यात होते. बाळ चालायला लागलं, दाजींना सुरतेत काम मिळालं, ते सगळे गेले. मी तोवर करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरला लागले होते, म्हणून मागे राहिले. दुकानात हेच सॉफ्टवेअर होतं. बिल अडकलं की कंपनीला फोन मी करायचे, कारण सेठजींना फोनवर धीर निघायचा नाही. एक दिवस पलीकडची बाई माझं हिंदी ऐकता ऐकता थांबली आणि म्हणाली, "मराठी आहेस का गं?"

त्या ताई. मूळच्या पुण्याच्या. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, राहायला आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये. पुढे त्यांनीच मला कंपनीत आणलं. आधी फोनवर तक्रारी घ्यायला, मग बाजूला बसवून हळूहळू टेस्ट लिहायला शिकवलं. माझी शाळा नववीत सुटलेली. कारण काही मोठं नव्हतं. पुढच्या गावाला जाणारी सकाळची एसटी बंद झाली, आणि बाकीच्या मुलींचं जाणं थांबलं तसं माझंही थांबलं. साहेबांनी शिक्षण विचारलं तेव्हा ताईच बोलल्या होत्या, मी पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. त्या दिवशी मी त्यांना मेट्रो स्टेशनवर थँक यू म्हटलं. त्यानंतर कधी म्हटलं नाही. रोज म्हणावंसं वाटायचं, पण रोज म्हणणारं माणूस डोक्याला ताप होतं असं मला वाटतं.

टेस्ट म्हणजे काय, ते ताईंनी मला सांगितलं तसंच सांगते. प्रोग्रामच्या एका लहान तुकड्याला प्रश्न विचारायचा. उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. तेच आलं तर हिरवी ओळ, वेगळं आलं तर लाल. असे शेकडो प्रश्न एकामागून एक आपोआप विचारले जातात आणि पडद्यावर ओळी सरकत राहतात.

तिसरा रंग पिवळा. तो मला कोणी सांगितला नव्हता. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी माऊसवरचा हात काढून घेतला. मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी मोडलं. मला असंच होतं, भीती आधी येते आणि कशाची ते नंतर कळतं. शेजारी बसणाऱ्या दादाला दाखवलं. तो लखनौचा, वयाने माझ्याएवढाच असेल, पण मी सगळ्यांनाच दादा म्हणते. त्याने मान वर न करता सांगितलं, "पीली है, लाल नहीं। जाने दे यार."

पिवळी ओळ म्हणजे इशारा. प्रोग्रामचा एखादा जुना तुकडा काम तर बरोबर करतो, पण जाता जाता सांगतो की पुढच्या आवृत्तीत मी नसेन, आतापासून त्या दुसऱ्याला हाक मारायची सवय करा. उत्तर बरोबर असतं म्हणून टेस्ट पास होतो. म्हणूनच कोणी लक्ष देत नाही. आमच्याकडे तर या ओळी इतक्या साठल्या होत्या की हिरवं शोधावं लागायचं. एकदा साहेब मोठ्या ग्राहकाला पडदा दाखवणार होते, तेव्हा लखनौच्या दादाने सेटिंगमध्ये एक ओळ टाकली आणि सगळे इशारे एकदम गप्प केले. पडदा हिरवागार झाला. साहेब म्हणाले, बहुत बढ़िया. ती ओळ नंतर कोणी काढलीच नाही.

ती काढली ताईंनी, जायच्या आधी.

ताई जाणार हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. मे महिन्यात एकदा आम्ही दोघी ऑफिसातून स्टेशनकडे चालत होतो. ऊन उतरलं तरी रस्ता तापलेला. ताई म्हणाल्या की यजमानांची बदली पुण्याला होणार असं दिसतंय, दिवाळीनंतर जावं लागेल बहुतेक. मी ऐकलं. समोर उसाच्या रसाची गाडी होती, मी विचारलं, ताई, रस घ्यायचा का. आम्ही रस प्यायलो. मग त्यांची मॅजेंटा लाइन, माझी ब्लू. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही नाही.

दिवाळी झाली आणि ऑफिसात सगळ्यांना मेल आली. महिनाअखेर ताईंचा शेवटचा दिवस. माझं कंत्राटही महिनाअखेरीलाच संपत होतं. ताईंनी मला पँट्रीत बोलावलं आणि काम सांगितलं: बिलाच्या भागातल्या सगळ्या पिवळ्या ओळी मी निस्तरायच्या, एकटीने. साहेबांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की ही करेल. झालं तर मला कायम करतील. नाही झालं तर मला शब्द टाकायला त्या तिथे नसणार होत्या. हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी दोघींचे कप धुवून टाकले.

नाही झालं तर कुठे जायचं, हे मी रोज येता-जाता मेट्रोत मनाशी घोळवायचे. करोल बागेत आता दुसरी मुलगी होती. गावी भावाचं लग्न झालेलं, माझी खाट आता वहिनीच्या माहेरून आलेल्या कपाटामागे उभी केलेली. आई फोनवर म्हणायची ये केव्हाही, आणि तिचा आवाज खरा असायचा. पण येऊन काय करायचं, हे दोघींनाही सुचायचं नाही.

मग हवा बिघडली आणि ऑफिस रिकामं झालं. खाली गार्ड भैया, वर पँट्रीवाल्या दीदी आणि मी. दीदी दुपारी निघून जायच्या. यंत्राची घरघर तेवढी सोबतीला. खिडकीतून समोरची इमारत सकाळी नसायची, अकराच्या सुमाराला हळूहळू उगवायची. मी दिवसात तोंड उघडायचे ते गार्डला नमस्ते करायला आणि दीदींना चहासाठी शुक्रिया म्हणायला. दीदी एकदा म्हणाल्या, "इतना शुक्रिया मत बोला कर, चाय ही तो है." तेव्हापासून मी नुसती हसायचे.

काम मात्र मला आवडायला लागलं. एकेका पिवळ्या ओळीपाशी जायचं आणि बघायचं, कोण कोणाला हाक मारतंय. आपलाच प्रोग्राम जुन्याला हाक मारत असेल तर ती बदलून नव्याला मारायची. इशारा दुसऱ्या कोणाच्या तयार सामानातून येत असेल तर आपल्याला ते बदलता येत नाही, म्हणून तेवढा एकच गप्प करायचा आणि का केला ते शेजारी लिहायचं. आणि काही टेस्ट असे की ज्यांचं कामच जुन्याला हाक मारून तो इशारा देतो की नाही हे बघणं. ते कान लावून बसतात. इशारा आला तर पास, नाही आला तर फेल.

पिवळं कमी होत गेलं. संध्याकाळी ताईंना फोटो पाठवायचे, त्या हसरा चेहरा पाठवायच्या. माझ्या मशीनवर माझी फाइल स्वच्छ हिरवी झाली तेव्हा मी उठून रिकाम्या ऑफिसात एक चक्कर मारली. सगळ्यांच्या खुर्च्यांजवळून.

मग ऑफिसच्या मोठ्या मशीनवर, जिथे सगळ्यांचे टेस्ट एकत्र चालतात, तिथे लावलं. माझा एक टेस्ट लाल.

बिलाची रक्कम पूर्ण रुपयात आणणारं एक जुनं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, आहे, त्याच्यावर कान लावून बसलेला टेस्ट. इशारा आलाच नाही म्हणत होता. मी तो एकटा चालवला. हिरवा. सगळ्यांबरोबर चालवला. लाल. पुन्हा एकटा, हिरवा. मला रडू यायला लागलं, कारण हे मला ओळखीचं वाटलं. खोलीत मी एकटीच साहेबांशी कसं बोलायचं ते म्हणून बघते तेव्हा सगळं नीट येतं.

लखनौच्या दादाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, पण ते त्याने सगळ्यांच्या ग्रुपवर सांगितलं असतं, आणि तिथे साहेबही होते. म्हणून मी दोन दिवस तेच ते चालवत राहिले, जसं काही तिसऱ्यांदा टेस्टला माझी दया येईल. शेवटी ताई लॅपटॉप जमा करायला म्हणून ऑफिसात आल्या. मास्क काढला, मला बघितलं आणि म्हणाल्या, "जेवली नाहीस ना?"

त्यांच्या डब्यात थालीपीठ होतं. खाताना मी सांगितलं. त्यांनी स्वतः चालवून बघितलं. एकटा हिरवा, घोळक्यात लाल. पुन्हा चालवला, तरी तेच. मग त्या म्हणाल्या, "मला पण नाही कळत गं."

हे मी त्यांच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं. घाबरायला हवं होतं. पण झालं उलटंच, मी उरलेलं थालीपीठ संपवलं.

मग आम्ही दोघी साध्या रीतीने शोधत बसलो. अर्धे टेस्ट बंद करायचे, उरलेले माझ्या टेस्टबरोबर चालवायचे. लाल आलं तर गडबड या अर्ध्यात, नाही तर त्या. मग त्याचे अर्धे. मध्ये ताईंच्या मुलीचा फोन आला, ती सामान बांधत होती, विचारत होती की मम्मा, वो पुरण वाला यंत्र भी पॅक करना है क्या. ताई म्हणाल्या, "त्याला पुरणयंत्रच म्हणतात बेटा, और क्या." आणि मला म्हणाल्या, पुण्यात हिचं कसं व्हायचं कोण जाणे.

दुपार कलली तेव्हा एकच टेस्ट उरला. तो होता जुन्या दुकानांची जुनी बिलं उघडतात का हे बघणारा. त्यात चूक काहीच नव्हती. तो मुद्दाम त्याच जुन्या फंक्शनला हाक मारायचा, कारण जुनी बिलं त्याच्याचकडून झालेली. फक्त तो माझ्या टेस्टच्या आधी चालायचा. जुनं फंक्शन त्याला इशारा द्यायचं, आणि त्या टेस्टमध्ये ऐकायला कान लावून कोणी बसलेलं नव्हतं. मग माझ्या टेस्टची पाळी आली की ते गप्प.

"एकदाच का बोलतंय हे?" ताई म्हणाल्या आणि इशारा देणाऱ्या तुकड्याची मूळ फाइल उघडली. मी ती कधी उघडली नव्हती, इशारे तिथून येतात एवढंच ठाऊक होतं. लिहिलेलं साधं होतं: इशारा एकदा दिला की आठवण ठेवायची, आणि त्याच गोष्टीचा पुन्हा द्यायचा नाही. त्याच्या वर, प्रोग्राम वाचणाऱ्यासाठी लिहितात तशी टीप होती. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत. एकदा सांगितलं, बास. इथे कोणाला कळतंय.

मी ती दोनदा वाचली. ताईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

"माझंच आहे हे," त्या म्हणाल्या.

मग त्या हसायला लागल्या आणि हसता हसता सांगत गेल्या. दिल्लीत नवीन होत्या तेव्हाचं हे. प्रत्येक बिलामागे इशारा लिहून लिहून दुकानांच्या कम्प्युटरवर फायली फुगायच्या, मशीन बसायचं, आणि शिव्या खायला फोनवर ताई. म्हणून त्यांनी इशारा एकदाच देण्याची सोय केली. टीप इंग्रजीत लिहायचा ऑफिसचा नियम होता. पण यजमान सारखे दौऱ्यावर, क्वार्टरमध्ये शेजार सगळा नवा, दिवसभरात मराठी बोलायला कोणी नसायचं. मग अशा कोपऱ्यांत लिहायच्या. खाली अजून एक टीप होती, आज खूप धुकं, कणीक भिजवून आलेय. प्रोग्रामशी तिचा काही संबंध नव्हता.

मी विचारलं, कोणी कधी विचारलं नाही का हे काय लिहिलंय? ताई म्हणाल्या, वाचतं कोण टिपा.

दुरुस्ती अगदी थोडी होती. टेस्टसाठी प्रत्येक प्रश्नाच्या आधी ती आठवण पुसून टाकायची, म्हणजे प्रत्येकाला इशारा पहिल्यांदाच मिळाल्यासारखा मिळेल. मी लिहिलं, ताई शेजारी बसून राहिल्या, हात लावला नाही. मोठ्या मशीनवर लावलं. ओळी सरकत असताना ताई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तुलाही मी एकदाच सांगितलं होतं, मे महिन्यात. तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, तुला फारसं काही वाटलं नाही."

"मी ऐकलं होतं," मी म्हटलं.

"मग?"

"पुन्हा विचारलं असतं तर तुम्ही पुन्हा सांगितलं असतं."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. पडदा हिरवा झाला तेव्हा आमचं दोघींचंही लक्ष नव्हतं.

बदल लखनौच्या दादाकडे तपासायला गेला. त्याने एकच गोष्ट विचारली, ही टीप कोणत्या भाषेत आहे, काढून टाकू का. मी उत्तर लिहिलं, खोडलं, मग पाठवलं, "रहने दो, प्लीज़." त्याने अर्थ विचारला. मी सांगितला: एक बार बता दिया, बस. त्याचं उत्तर आलं, "मेरी मम्मी का लिखा है क्या?" आणि बदल मंजूर.

ताईंच्या निरोपाचा केक पडद्यावरच कापला, कारण हवा तशीच होती. सगळे चौकोनांतून टाळ्या वाजवत होते. बोलायची माझी पाळी आली तेव्हा मी माइक चालू करायलाच विसरले, आणि कळलं तेव्हा पुढचा माणूस बोलायला लागला होता. दुसऱ्या आठवड्यात साहेबांची मेल आली, दोन ओळींची. मला कायम केलं होतं. दीदींना सांगितलं, त्यांनी चहात वेलची घातली. आईला फोन केला. आई खूप आनंदली, शेजारी कोणाला तरी ओरडून सांगितलं, आणि मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे आता तू येत नाहीस." मी म्हटलं, दिवाळीला येईन की. ती म्हणाली, हो, दिवाळीला.

एवढा एक शब्द मिळावा म्हणून मी महिनाभर जीव मुठीत धरून बसले होते, आणि मिळाला तेव्हा मला कळलं की आता मी इथलीच. यमुना बँक स्टेशनवर मेट्रो बदलताना फलाटावर उभी राहिले. सगळ्यांची तोंडं मास्कमध्ये. माझ्या शेजारची बाई फोनवर बंगालीत कोणाला तरी समजावत होती. तिचं बोलणं मला कळत नव्हतं, तरी मी ऐकत राहिले, आणि माझ्या घराकडची, वैशालीची एक गाडी सोडून दिली.

ताईंना फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज, कोणीतरी बाई जोरात हसत होती, पुण्याचं भरलेलं घर. मी कायम झाल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, मला माहितीच होतं. मग विचारलं, पिवळ्या ओळी किती आता? मी म्हटलं, बिलात एकही नाही, मालाच्या भागात ढीग आहे, तो पण मलाच दिलाय. त्या म्हणाल्या, छान. आता त्या, चल मग, म्हणणार तेवढ्यात मी म्हटलं, "ताई, थँक यू."

"अगं, ते तू केव्हाच म्हणालीस. पहिल्याच दिवशी."

"हो. पुन्हा म्हणतेय."

पलीकडे भांडी वाजत होती. ताईंनी फोन ठेवला नाही. पुढची गाडी फलाटात शिरली आणि मी फोन कानाला तसाच धरून आत चढले.